नऊ तांब्यांची बादली

पहाटे ३.१०

कुशीवर वळताना जाग येते. साडीच्या निऱ्या खोचतो, त्याच्या बरोबर मागे, डाव्या अंगाला एक सणक उठते आणि मांडीत उतरते. सात वर्षं ही कंबर अशीच आहे. सणक दोन मिनिटांत ओसरते, पण तिच्या मागोमाग विचार येतात आणि ते ओसरत नाहीत. आज वर्गावर सलग दोन तास आहेत, उभं राहवेल का? एसटीत जागा नाही मिळाली तर? हे असंच वाढत गेलं तर पन्नाशीत माझं काय होईल? लेकीच्या लग्नात सगळे धावपळ करतील आणि मी खुर्चीत बसून राहीन का? लेक आत्ता दहावीत आहे. एका सणकेपासून तिच्या लग्नापर्यंत मी पाच मिनिटांत जाऊन पोचते.

या सवयीचं मोजमाप करणारी तेरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मायकेल सलिव्हन यांनी ती १९९५ साली तयार केली. दुखण्याचा विचार सतत घोळवणं, तो फुगवत नेणं आणि आता आपल्या हातात काही उरलं नाही असं वाटणं, या तीन गोष्टी ती तपासते. एकूण गुण ५२. चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी ती माझ्याकडून भरून घेतली तेव्हा मला ३८ मिळाले होते. वर्गात कमी गुण मिळालेल्या मुलांना मी रोज पाहते, पण जास्त गुण मिळाले म्हणून मला रडू आलं ते त्या दिवशी.

आता मी पडून कूस बदलत राहत नाही. उठते, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसते आणि श्वास लांबवत सोडते. मोबाइलला हात लावत नाही, घड्याळाकडे पुन्हा पाहत नाही. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेवढंच दुखणं जास्त लागतं. संशोधकांना ते प्रयोगांत दिसलं आहे, मला ते अनुभवानं ठाऊक आहे. म्हणून डोळे जड झाले की लगेच अंथरुणाकडे वळते.

एक गोष्ट लिहायलाच हवी. याच वेळी, याच खुर्चीत, एके काळी मला जगणं नकोसं झालं होतं. मी ते कोणालाही सांगितलं नाही, ही माझी मोठी चूक. आता सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो २०२२ साली सुरू झाला, चोवीस तास लागतो आणि मराठीतही बोलता येतं. ज्यांची रात्र अशी जाते त्यांनी तो लिहून ठेवावा.

५.३०

गजर होतो. पाच मिनिटं अंथरुणातच गुडघे छातीशी घेऊन सोडते, मग बूट घालून बाहेर. सातारची माणसं पहाटे 'चार भिंती' नावाच्या स्मारकाकडे नाहीतर अजिंक्यतारा किल्ल्यावर जातात. मी चार भिंतींच्या रस्त्याला लागते आणि तेरा मिनिटं झाली की मागे फिरते. जाऊन-येऊन सव्वीस मिनिटं. आज पाय हलके आहेत, आणखी दहा मिनिटं सहज गेले असते. तरीही फिरते.

हे जमवायला मला दोन वर्षं लागली. आधी माझं असं चालायचं की चांगला दिवस उगवला की सगळं उरकून घ्यायचं. एका दिवाळीत कंबर बरी होती म्हणून एकाच दिवशी माळा साफ केला, भाजणी दळून आणली, चकल्या तळल्या. पुढचे चार दिवस अंथरुणात काढले आणि अभ्यंगस्नानही लेकीनं घातलं. मग महिनाभर कशालाच हात लावला नाही. कामही दुखणंच ठरवायचं आणि विश्रांतीही दुखणंच ठरवायचं.

सिएटलच्या विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७०च्या दशकात हे चक्र नीट ओळखलं. दुखलं की थांबायचं आणि थांबलं की बरं वाटायचं, असं झालं की शरीर तेच शिकत जातं आणि थांबण्याची जागा रोज थोडी अलीकडे येते. त्यांचा उपाय साधा होता: किती करायचं हे आधीच ठरवा, ते अगदी थोडं ठेवा, ठरल्यावेळी थांबा, मग हळूहळू वाढवा. मी सहा मिनिटांपासून सुरुवात केली होती. माझा सगळा दिवस घड्याळावर बांधलेला आहे तो याच कारणानं. वाईट दिवशी पावलं रेटणं एक वेळ जमतं, चांगल्या दिवशी तेराव्या मिनिटाला परत फिरणं फार कठीण जातं.

६.२०

न्हाणीघरात निळी प्लास्टिकची बादली आहे. सात वर्षांपूर्वी मे महिन्यात नळाला पाणी नव्हतं. खालच्या टाकीवरून भरलेली बादली उचलताना कमरेत काहीतरी कट् झालं आणि मी जिन्यातच बसले. त्यानंतर पाच वर्षं मी बादली उचलली नाही. नुसती बादलीच नाही, गव्हाची पिशवी, भाचीचं बाळ, कुकर, देवघरापुढची पंगत, एसटीची मागची सीट, एकेक करून सगळं सोडत गेले. सोडलेल्या गोष्टींनी कंबर बरी झाली नाही, आयुष्य मात्र लहान झालं. दुखण्यानं माझं जेवढं नेलं, त्याहून जास्त दुखेल या भीतीनं नेलं.

योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन या दोघांनी २००० साली या भीतीच्या चक्रावरचं संशोधन एकत्र मांडलं. दुखण्याची भीती, म्हणून हालचाल टाळणं, म्हणून स्नायू कमजोर आणि मन उदास, म्हणून आणखी दुखणं. यातून बाहेर यायची वाट म्हणजे ज्याची भीती वाटते तेच, अगदी लहान मापानं, पुन्हा करून बघणं. माझ्या मॅडमनी मला भीतीची शिडी लिहायला लावली. तळाशी कुकर, मधे बादली, सगळ्यात वर अजिंक्यतारा.

बादलीचं माप आम्ही तांब्यात धरलं. पहिले दोन आठवडे रिकामी बादली नळापासून मोरीच्या कट्ट्यापर्यंत न्यायची. मग एक तांब्या पाणी, मग दोन. उचलण्याआधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतं. उचलल्यावर लिहायचं, काय झालं. पहिल्या दिवशी डावीकडे लिहिलं आहे, 'मणका सरकेल, उठता येणार नाही.' उजवीकडे लिहिलं आहे, 'थोडी ओढ बसली. चहापर्यंत गेली.' त्या वहीत आता दीडशेच्या वर नोंदी आहेत आणि डावीकडचं एकही भाकीत खरं ठरलेलं नाही. तरी आजही कडी हातात घेताना श्वास अडकतो, जबडा आवळला जातो. आवळलाय हे लक्षात आलं की जबडा सैल सोडते, गुडघे वाकवते, उचलते. नऊ तांबे. नऊवर तीन आठवडे झाले.

७.१०

चहाला आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्याजवळ स्टुलावर बसतात. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले.
"आज कसली आहे गं?" त्या विचारतात.
"सणक होती पहाटे. आता नुसती रग आहे."
"माझा ठणका आहे. पाऊस येणार."

हे विचारणं मला आवडतं, कारण त्यात 'किती' नाही, 'कसली' आहे. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात वेदनेची जी प्रश्नावली केली तिच्यात ७८ शब्द आहेत, वीस गटांत लावलेले. काही शब्द वेदना कशी लागते ते सांगतात, काही ती मनाला काय करते ते. आमच्या आईंना अशी प्रश्नावली लागत नाही. कळ, सणक, चमक, ठणका, ठसठस, रग, आग, चुणचुण, ओढ, पेटका, भरून येणं, अवघडणं, मुंग्या, उसण. प्रत्येकाची जागा वेगळी, चाल वेगळी. 'दुखतंय' म्हटलं की सगळं एक काळं ढेकूळ होतं. 'रग आहे' म्हटलं की तिला आकार येतो आणि आकार आलेल्या गोष्टीची भीती कमी वाटते. दवाखान्यातही हे शब्द बोलावेत. आग आणि मुंग्या म्हटलं तर डॉक्टर नसेचा विचार करतील, ठणका म्हटलं तर आणखी कशाचा.

८.५०

वाईला शिकवायला जाते ती एसटी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून सकाळच्या गाडीला दारापर्यंत गर्दी असते. उभ्यानं जावं लागलं तर पाचवडपर्यंत, पुढे कोणीतरी उतरतं. जागा मागावी का, हा माझा रोजचा प्रश्न. काठी नाही, पट्टा नाही, चेहरा टवटवीत. मागितली तर लोक वर-खाली बघतात. मी आता मागते. "कमरेचा त्रास आहे, दहा मिनिटं बसू का?" एवढंच, खुलासा न करता. बहुतेक वेळा मिळते.

११.२०

बारावीचा वर्ग, मज्जासंस्थेचा धडा. फळ्यावर मी नेहमीची आकृती काढते: ज्योतीला लागलेलं बोट, मज्जारज्जूकडे जाणारा तंतू, परत येणारा तंतू, मागे झटकलेला हात. आकृती बरोबर आहे आणि परीक्षेत तीच येणार आहे. पण या एका आकृतीमुळे आपण आयुष्यभर असं समजून चालतो की वेदना म्हणजे घंटेची दोरी. खाली जेवढी जोरात ओढली, वर तेवढी मोठी घंटा. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी जवळपास असंच लिहिलं होतं. त्यांच्या पुस्तकातलं शेकोटीजवळ पाय नेलेल्या पोराचं चित्र मी मुलांना दाखवते.

मग मुलांना सांगते, "कोपर बाकावर आपटलं तर पहिल्यांदा काय करता?" सगळे चोळून दाखवतात. चोळल्यावर बरं का वाटतं, याचं उत्तर दोरीच्या चित्रात मिळत नाही. ते १९६५ साली मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी दिलं. मज्जारज्जूत जणू एक दार आहे. दुखण्याचा निरोप त्या दारातून वर जातो. स्पर्शाचे तंतू दार लोटून घेऊ शकतात, आणि मेंदूकडून खाली येणारे निरोपही ते उघडू किंवा लोटू शकतात. भीती, लक्ष, आठवण, अपेक्षा ही सगळी मंडळी मेंदूतून त्या दाराशी येऊन पोचतात. मी आकृतीत वरून खाली येणारा एक बाण लाल खडूनं काढते. तो पुस्तकातल्या आकृतीत नाही. त्या सिद्धांताचे बारकावे पुढे बदलले, पण वरून खाली येणारा बाण कायम राहिला.

पंधरा मिनिटं झाली, खिशातला फोन थरथरतो, मी उंच स्टुलावर बसते. मुलांना सवय आहे. बसून मी त्यांना हेन्री बीचर यांची हकीकत सांगते. हे भूलतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होते. गंभीर जखमी सैनिकांना ते विचारत, दुखणं थांबवायला औषध देऊ का? बऱ्याच जणांनी नको म्हटलं. बीचर यांनी १९४६ साली हे लिहून प्रसिद्ध केलं. त्यांनी पुढे लावलेला अर्थ असा, की त्या जखमेचा अर्थ सैनिकासाठी जीव वाचला, लढाई संपली, आता घरी जायचं, असा होता. शहरातल्या रुग्णाला शस्त्रक्रियेची तेवढीच जखम म्हणजे संकट वाटते.

मागच्या बाकावरचा एक मुलगा विचारतो, "म्हणजे मॅडम, दुखणं मनाचंच असतं का?"

दर वर्षी कोणीतरी हे विचारतं आणि दर वर्षी मी खडू खाली ठेवून उत्तर देते. नाही. मेंदूशिवाय कुठलीच वेदना होत नाही, मोडलेल्या हाडाचीसुद्धा नाही. त्यामुळे मनाची वेदना खोटी आणि शरीराची खरी, असे दोन ढीग करताच येत नाहीत. शिवाय दुखणं महिनोन्महिने राहिलं की मज्जासंस्था स्वतःच हळवी होते. ताज्या भाजलेल्या हातावर कोमट पाणीही चटका देतं, तसं साधं वाकणंही तिला चटक्यासारखं लागतं. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली मज्जारज्जूतला हा हळवेपणा प्रयोगानं दाखवला. जखम भरली तरी हळवेपणा मागे राहू शकतो. आणि जे हळवं झालं ते पुन्हा शांतही करता येतं, निदान बऱ्याच प्रमाणात.

मुलगा मान डोलावतो. त्याच्या आईला बरीच वर्षं पाठीचा त्रास आहे, हे तो तास संपल्यावर दाराशी येऊन सांगतो.

१.३०

स्टाफरूम, डबे. "मॅडम, दिसायला तर अगदी बऱ्या दिसता," एक सहकारी म्हणतात. त्यांच्या मनात वाईट नाही. पण मागच्या महिन्यात मी रजा घेतली होती, ते या वाक्यामागे आहे, हे मला कळतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या टिपांत म्हटलं आहे की एखादा माणूस दुखतं म्हणत असेल तर त्याच्या म्हणण्याचा मान ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला तिची स्वतःची नोंद मिळाली आहे. रजेच्या अर्जावर काय लिहावं ते जिला कळेनासं होतं, त्या माझ्यासारखीला या नोंदीचं मोल विचारा.

मला दोन वाक्यांनी फार मागे नेलं. दोन्ही दवाखान्यांतली. पहिल्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "मणक्यात गॅप आहे, गादी सरकलीय, नस दबतेय. आता आयुष्यभर वाकायचं नाही." दुसऱ्यांनी तीच फिल्म पाहून म्हटलं, "काही नाही, टेन्शन घेता तुम्ही." पहिल्या वाक्यानं मी स्वतःला काचेची समजू लागले, दुसऱ्यानं खोटारडी. १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या ६४ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या गादीत कुठे ना कुठे बिघाड दिसला. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर माझी पाच वर्षं वाचली असती.

याचा अर्थ तपासणी करू नका असा मुळीच नाही. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला, पायातली ताकद कमी होत चालली, ताप किंवा विनाकारण वजन घटणं असं काही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि दुकानातून स्वतःच्या मनानं वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने खायच्या नाहीत. त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला भोवतात.

३.००

प्रॅक्टिकल. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड. वीस सूक्ष्मदर्शक, वीस वेळा वाकणं. दहा झाले की पाच मिनिटं खुर्ची, मग उरलेले दहा.

५.४०

परतीची गाडी, मागची सीट. शिडीवरची ही पायरी मी गेल्या दिवाळीनंतर चढले. हायवेला लागण्याआधी एका गतिरोधकावर गाडी उडते आणि कमरेत पहाटेचीच सणक, पण दुप्पट. डोळ्यांत पाणी येतं. पहिला विचार तोच येतो: झालं, गेली कंबर, उद्या सुट्टी.

अशा वेळी वेदनेशी झगडायला गेलं की ती वाढते, तिच्याकडे पाठ फिरवली तरी वाढते. आधी नाव घेते: सणक. मग जागा: डावीकडे, तळहाताएवढी. मग पाहते की ती स्थिर आहे की हलतेय. ती हलत असते, लाटेसारखी चढते, उतरते. त्याच वेळी शरीरात न दुखणाऱ्या जागाही असतात. आज उजवा तळपाय. गाडीच्या पत्र्याची धडधड त्यात जाणवत होती. मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली दवाखान्यात अशा सजग निरीक्षणाचे वर्ग सुरू केले, तेव्हा इतर उपायांनी बरं न वाटलेले जुनाट वेदनेचे रुग्णही त्यांच्याकडे पाठवले जात. यानं वेदना नाहीशी होत नाही. पण 'सणक' आणि 'गेली कंबर' यांच्यामध्ये थोडी जागा तयार होते. पाचवड येईपर्यंत सणकेची रग झाली होती. बाहेर उसाला तुरे आले होते.

७.१५

भाकऱ्या थापते. तीन उभ्यानं, मग बसणं, मग आणखी तीन.

हे घरी येतात. आधी आल्या आल्या विचारायचे, "आज किती दुखतंय?" मग बाम आणायचे, हातातलं काम काढून घ्यायचे, सकाळची बादली भरून ठेवायचे. माझ्यावरच्या मायेनंच. मॅडमनी एकदा आम्हाला घरात दिवसभरात 'दुखणं' हा शब्द किती वेळा निघतो ते मोजायला सांगितलं. चौदा वेळा निघाला. लेकीनं रेघा मारल्या होत्या. तो कागद पाहून हे बराच वेळ गप्प बसले. जोडीदारानं सतत दुखण्याचीच विचारपूस केली की दुखणं घराच्या मधोमध येऊन बसतं, हे आम्हा दोघांनाही तोवर सुचलं नव्हतं. आता ठरलंय: मदत लागली तर मी मागेन, न मागता काम काढून घ्यायचं नाही.

आज ते चप्पल काढता काढता विचारतात, "मज्जासंस्था झाली का सुरू?" मी त्यांना कोपर चोळणारी मुलं आणि दाराशी आलेला तो मुलगा सांगते. गतिरोधकाचं जेवताना सांगते, एका वाक्यात. ते ऐकतात, हातावर हात ठेवतात आणि आमटी वाढून घेतात.

९.४५

वही. चालणं २६ मिनिटं. बादली ९ तांबे. एसटी मागची सीट, सणक, पाऊण तासात उतरली. दुखण्याला दहापैकी किती, हा रकाना मी तीन वर्षांपूर्वी खोडला. आज काय केलं, तेवढंच लिहिते.

तुमच्या घरात कोणाचं असं जुनं दुखणं असेल, तर संध्याकाळी त्यांना आधी त्यांच्या दिवसाचं काहीतरी विचारा. आणि ते दुखतंय म्हणाले, तर विश्वास ठेवा.

उद्या दहा तांबे.